डिस्क ३२० जीबीची, संगणकाला दिसते १३७: जुन्या यंत्रात मोठी हार्ड डिस्क बसवताना

जुन्या संगणकात मोठी हार्ड डिस्क बसवल्यावर ती पूर्ण क्षमतेने दिसली नाही, तर दुसरे काहीही करण्याआधी पडद्यावर दिसणारा आकडा कागदावर लिहून घ्यावा. तो आकडा योगायोगाने आलेला नसतो. डिस्कवरचे सर्किट, मदरबोर्डवरचा बायॉस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम), ऑपरेटिंग सिस्टिममधला ड्रायव्हर (डिस्कशी बोलणारा प्रोग्रॅम), पार्टिशनचा म्हणजे डिस्कच्या भागांचा तक्ता आणि फाइल सिस्टिम (फाइलींची मांडणी) अशी जी साखळी असते, तिच्यातल्या एखाद्या कडीने डिस्कवरच्या जागेचा पत्ता लिहिण्यासाठी जेवढे बिट राखून ठेवले आहेत, तेवढ्यावरच तो आकडा अडलेला असतो. आकडा ओळखता आला की कोणती कडी तोकडी आहे ते कळते, आणि ती एकदा कळली की उपाय बहुतेक वेळा साधा आणि फुकटचा असतो. आकडा न वाचता डिस्क फॉरमॅट करण्याची घाई झाली, तर मात्र आधीचा मजकूरही जाण्याची भीती असते.

सांगलीतल्या एका स्नेह्यांचे छोटे मुद्रणालय आहे. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्याकडचा पेंटियम ४ संगणक इंटेलच्या ८४५ चिपसेटचा, म्हणजे २००१-०२ च्या सुमाराचा. त्यावर विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट आहेत, आणि फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेले छोटे उपकरण, प्रिंटरच्या पॅरलल पोर्टवर लावलेला आहे. दिवाळी अंक, स्मरणिका, शाळांची हस्तपुस्तिका, पतसंस्थांचे अहवाल अशी वर्षानुवर्षांची जुळणी त्या संगणकात आहे. त्यातली ४० जीबीची हार्ड डिस्क मधूनमधून टकटक आवाज करू लागली आणि संगणक सुरू व्हायला वेळ घेऊ लागला, तेव्हा अण्णांनी मला बोलावले.

नवा संगणक घ्या असे सांगणे सोपे होते. पण त्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की तिथे मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा खच दिसतो. डोंगलचा ड्रायव्हर एक्सपीच्या पुढे चालत नाही, आणि आजच्या बहुतेक मदरबोर्डांवर पॅरलल पोर्टच नसतो. सगळी जुळणी युनिकोडमध्ये आणण्याचे काम अण्णांचा मुलगा हळूहळू करतो आहे, परंतु ते पूर्ण होईपर्यंत हे यंत्र चालते राहणे आवश्यक आहे. असे संगणक महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांतल्या मुद्रणालयांत अजूनही आहेत आणि त्यांतल्या मजकुराची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते, म्हणून त्यांच्या हार्ड डिस्कचा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

या मदरबोर्डवर साटा ही डिस्कची नवी जोडणी नाही. रुंद पट्टीसारख्या केबलची जुनी आयडीई जोडणीच आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आयडीईची ३२० जीबीची वापरलेली, पण तपासून घेतलेली डिस्क मिळाली. ती लावल्यावर बायॉसच्या पहिल्या पडद्यावर क्षमता १३७ जीबी अशी आली.

इथे एका गोंधळाचा निकाल आधी लावायला हवा. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज त्याच शब्दाने १०२४ च्या तिसऱ्या घाताइतके, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट मोजते. त्यामुळे ३२० जीबीची डिस्क विंडोजमध्ये २९८ जीबी, ५०० ची ४६५ आणि १ टीबीची ९३१ जीबी दिसते. हा मोजमापाचा फरक आहे आणि यात काहीही हरवलेले नसते. हा फरक वजा करूनही क्षमता कमी पडत असेल तरच पुढचा खटाटोप करावा. त्यासाठी डिस्कवरच्या लेबलवर छापलेली एलबीए ही संख्या उपयोगी पडते, कारण ती एकूण सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या सर्वांत लहान कप्प्यांची, मोजणी असते आणि तिच्यात जीबीच्या व्याख्येचा घोळ नसतो. आमच्या डिस्कवर ६२,५१,४२,४४८ अशी संख्या होती. तिला सेक्टरच्या ५१२ बाइटांनी गुणले की ३,२०,०७,२९,३३,३७६ बाइट येतात, आणि साखळीच्या प्रत्येक टप्प्यावर एवढेच बाइट दिसले पाहिजेत.

आता अडण्याच्या आकड्यांविषयी. सगळ्यात जुना आकडा ५२८ एमबीचा. १९९० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातल्या संगणकांत बायॉस डिस्कचा पत्ता सिलिंडर (चकत्यांवरचे वर्तुळ), हेड (चकतीची बाजू) आणि सेक्टर अशा तीन भागांत लिहीत असे, आणि त्यासाठी अनुक्रमे १०, ८ आणि ६ बिट राखलेले होते. आयडीई डिस्कही पत्त्याचे तेच तीन भाग वापरत असे, पण तिची वाटणी वेगळी होती. सिलिंडरला १६ बिट, हेडला ४ आणि सेक्टरला ८. या दोघांना एकमेकांशी बोलायचे तर प्रत्येक भागात जे लहान तेच चालणार, म्हणून १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर एवढेच उरले आणि त्यांचा हिशेब ५२,८४,८२,३०४ बाइटांवर संपला. दोन्ही पद्धती स्वतंत्रपणे कितीतरी मोठी डिस्क पेलू शकत होत्या, केवळ त्यांच्या वाटण्या न जुळल्यामुळे क्षमता वाया गेली. पुढे बायॉसने हेडची संख्या फुगवून आणि सिलिंडरची कमी करून पत्त्याचे रूपांतर करायला सुरुवात केली, आणि मर्यादा ८.४ जीबीवर गेली. त्यापलीकडे जाण्यासाठी तीन भागांचा पत्ता सोडून देऊन सेक्टरांना शून्यापासून सलग क्रमांक देण्याची एलबीए पद्धत बायॉसच्या वाढीव सेवांमध्ये आली.

मधले काही आकडे थोडक्यात सांगतो. २.१ जीबीला दोन वेगवेगळी कारणे असू शकतात. काही बायॉस ४०९६ सिलिंडरांपलीकडे मोजत नसत, आणि डॉसच्या फॅट १६ फाइल सिस्टिमचे पार्टिशनही २ जीबीपेक्षा मोठे होत नसे. विंडोज ९८ च्या एफडिस्क या पार्टिशन करणाऱ्या प्रोग्रॅमच्या मूळ आवृत्तीत ६४ जीबीहून मोठ्या डिस्कची क्षमता ६४ जीबी वजा होऊन दिसे. तो दोष त्या प्रोग्रॅमचाच होता आणि मायक्रोसॉफ्टने त्याची सुधारित आवृत्ती दिली होती. ३३.८ जीबीचा आकडा अधिक त्रासदायक होता. पेंटियम २ आणि ३ च्या काळातले काही बायॉस एवढी मोठी डिस्क दिसली की क्षमता कमी दाखवून पुढे जात नसत, डिस्क ओळखण्याच्या टप्प्यावरच संगणक गोठत असे. बायॉसमध्ये शिरून काही बदलण्याचीही सोय उरत नसे. म्हणून डिस्क बनवणाऱ्यांनी डिस्कच्या मागे एक जास्तीचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, दिला. तो लावला की डिस्क स्वतःच आपली क्षमता ३२ जीबीच्या आसपास आहे असे सांगते.

हा जंपर आजही लक्षात ठेवावा, कारण वापरलेली डिस्क विकत घेतली तर आधीच्या मालकाने तो लावलेला असू शकतो. एका केबलवरच्या दोन डिस्कांपैकी मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण ते ठरवणाऱ्या जंपरांच्या रांगेतच तो असतो, म्हणून नजरेतून सुटतो. डिस्कवरच्या लेबलवर जंपरची आकृती छापलेली असते. ती शांतपणे पाहून घ्यावी. याशिवाय डिस्कवर राखीव क्षेत्र नावाची एक सोय असते. तिच्यामुळे डिस्कच्या शेवटचा भाग ऑपरेटिंग सिस्टिमपासून लपवून ठेवता येतो. संगणक कंपन्या तिथे रिकव्हरीच्या फाइल ठेवत असत, आणि काही मदरबोर्डांचे बायॉस स्वतःची प्रतही तिथे ठेवत असत. हा लपवलेला भाग बिघडला की १ टीबीची डिस्क ३२ एमबीची आहे असेही दिसू शकते. लिनक्समधली एचडीपार्म ही आज्ञा कॅपिटल एन हा पर्याय देऊन चालवली की ती सध्या दिसणारे सेक्टर आणि मुळात असलेले सेक्टर या दोन्ही संख्या शेजारी शेजारी दाखवते. आमच्या डिस्कबाबत दोन्ही संख्या सारख्या आल्या, क्षमता कमी करणारा जंपरही लावलेला नव्हता. डिस्क आपली पूर्ण क्षमता सांगत होती, ऐकणाऱ्यांना ती ऐकू येत नव्हती.

१३७ जीबी हा आकडा २८ बिटांचा आहे. सलग क्रमांकांची एलबीए पद्धत आली तेव्हा डिस्कवरची नोंदघरे (पत्ता लिहून घेणारे रजिस्टर) मात्र जुनीच राहिली. सेक्टरचे ८ बिट, सिलिंडरचे १६ आणि हेडचे ४ असे जोडून २८ बिटांचा क्रमांक तयार केला गेला. २८ बिटांत २६,८४,३५,४५६ क्रमांक बसतात, आणि त्यांना ५१२ ने गुणले की १,३७,४३,८९,५३,४७२ बाइट होतात. हेच बाइट विंडोजच्या मोजणीत नेमके १२८ जीबी होतात, म्हणून या एकाच मर्यादेला कोणी १३७ ची म्हणते आणि कोणी १२८ ची. एक्सपीच्या मूळ सीडीवरून बसवायला घेतले तर तिथे हाच आकडा १३१०६९ एमबी असा येतो. तिन्ही रूपे एकाच दुखण्याची आहेत.

२००१ मध्ये मॅक्सटरने १६० जीबीची डिस्क बाजारात आणली तेव्हा ही मर्यादा प्रत्यक्षात आड आली. आयडीई जोडणीच्या २००२ च्या एटीए-६ या प्रमाणात पत्ता ४८ बिटांचा झाला. हे ज्या रीतीने केले ती मला फार आवडते. नवी नोंदघरे वाढवली असती तर केबलपासून कंट्रोलरपर्यंत सगळेच बदलावे लागले असते. त्याऐवजी त्याच जुन्या नोंदघरांत लागोपाठ दोनदा लिहायचे आणि डिस्कने दोन्ही वेळचे आकडे जोडून घ्यायचे, असे ठरले. त्यासाठी वाचण्या-लिहिण्याच्या नव्या आज्ञा दिल्या, जुन्या आज्ञाही चालू ठेवल्या. म्हणूनच अण्णांच्या संगणकासारख्या, या प्रमाणाच्या आधी बनलेल्या मदरबोर्डलाही केवळ बायॉस आणि ड्रायव्हर बदलून मोठी डिस्क पेलता येते.

आता यातला खरा धोका. ज्या ड्रायव्हरला ४८ बिटांचा पत्ता माहीत नाही, पण ज्याच्यासमोर १३७ जीबीपलीकडे पसरलेले पार्टिशन आहे, तो ड्रायव्हर पलीकडच्या सेक्टरचा क्रमांक २८ बिटांत कोंबू पाहतो आणि वरचे बिट गळून पडतात. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा ९९९९९ नंतर जसा पुन्हा शून्यावर येतो, तसे हे लिखाण डिस्कच्या सुरुवातीला जाऊन पडते. आणि सुरुवातीलाच पार्टिशनचा तक्ता आणि फाइल सिस्टिमच्या मुख्य नोंदी असतात. अशी डिस्क कित्येक महिने व्यवस्थित चालल्यासारखी वाटते, कारण भरलेला भाग १३७ जीबीच्या आत असतो. ज्या दिवशी फाइल त्या रेषेपलीकडे जाते त्या दिवशी सगळेच पार्टिशन नाहीसे होते. एखादी मोठी डिस्क दुसऱ्या नव्या संगणकावर एकसंध फॉरमॅट करून जुन्या संगणकात लावणे म्हणूनच धोक्याचे आहे. आधी प्रत्येक कडी तपासावी, मगच १३७ च्या पलीकडे पार्टिशन करावे.

कामाचा क्रम आम्ही असा ठेवला. सगळ्यात आधी जुन्या डिस्कचा मजकूर वाचवायचा. टकटक करणाऱ्या डिस्कवर विंडोज चालू ठेवून फाइल नकलणे म्हणजे तिला जास्त श्रम देणे, म्हणून तिला मुद्रणालयाच्या संगणकातून काढून लिनक्स असलेल्या संगणकाला जोडले आणि डीडीरेस्क्यूने सेक्टरमागून सेक्टर नवी डिस्क भरली. हा प्रोग्रॅम न वाचता येणाऱ्या जागी अडून बसत नाही, त्या जागा नोंदून पुढे जातो आणि चांगला भाग हाती लागल्यावर परत येऊन प्रयत्न करतो. बिघडत चाललेल्या डिस्कसाठी हाच क्रम योग्य आहे. त्यानंतर जुनी डिस्क कागदात गुंडाळून कपाटात ठेवली, कारण पुढच्या कोणत्याही पायरीवर काही बिनसले तर परतीची वाट तीच होती. अण्णांनी विचारले, "अरे, पण मग ही नवी आता वापरायला घेऊ ना?" मी त्यांना म्हटले, "अण्णा, थोडं थांबा. आत्ता ती चाळीसचीच नक्कल आहे, पुढची जागा अजून तपासायची आहे."

नंतर बायॉस. मदरबोर्डवर छापलेले मॉडेलचे नाव आणि त्याच्या शेजारचा आवृत्तीचा क्रमांक, दोन्ही लिहून घेणे आवश्यक असते, कारण एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांचे बायॉस वेगळे असू शकतात. उत्पादकाच्या संकेतस्थळावर जुन्या बोर्डांच्या विभागात बायॉसच्या फाइल मिळाल्या आणि त्यांच्यासोबतच्या टिपणात १३७ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कचा स्पष्ट उल्लेख होता. बायॉस बदलताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून संगणक चांगल्या बॅटरीच्या यूपीएसवर घ्यावा, आधीच्या बायॉसची प्रत काढून ठेवावी, आणि फ्लॉपीचा भरवसा नसेल तर डॉसची बूट होणारी सीडी करून तिच्यावरून काम करावे. नवा बायॉस चढल्यावर आधीची सेटिंग पुसून मूळ सेटिंग भरले आणि डिस्क पुन्हा ओळखायला लावली. पडद्यावर ३२० जीबी आले.

प्रत्येकाला असा बायॉस मिळेलच असे नाही. मिळाला नाही तर खचून जाण्याचे कारण नाही, कारण बायॉसचे काम मुख्यतः संगणक सुरू होईपर्यंतच असते. एकदा विंडोजचा किंवा लिनक्सचा स्वतःचा ड्रायव्हर चढला की तो डिस्कशी थेट बोलतो, बायॉसला विचारत नाही. त्यामुळे सुरू होण्यासाठी लागणाऱ्या सगळ्या फाइल १३७ जीबीच्या आत राहतील असे पहिले पार्टिशन लहान ठेवले आणि ऑपरेटिंग सिस्टिम ४८ बिट जाणणारी असली, तर उरलेली जागा पुष्कळदा वापरता येते. दुसरा मार्ग म्हणजे स्वतःचा बायॉस असलेले पीसीआय कंट्रोलर कार्ड. प्रॉमिसचे अल्ट्रा १३३ टीएक्स २ हे कार्ड त्या काळात याच कामासाठी बरेच वापरले गेले, आणि जुन्या सामानाच्या दुकानांत अशी कार्डे शोधल्यास मिळतात. तिसरा मार्ग, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा प्रोग्रॅम बसवून बायॉसची उणीव झाकणारी ऑनट्रॅकच्या डिस्क मॅनेजरसारखी सॉफ्टवेअर. ती मी टाळतो. त्यांच्यामुळे डिस्क त्या प्रोग्रॅमवर अवलंबून राहते, आणि पुढे कोणी ती काढून दुसऱ्या संगणकाला लावली तर मजकूर सरळ वाचता येईलच याची खात्री नसते. ज्या डिस्कवर एखाद्या संस्थेची वीस वर्षांची कागदपत्रे आहेत, तिला अशी अट जोडणे मला पटत नाही.

बायॉसनंतर विंडोज. एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरमध्ये आले तेव्हा त्याला २८ बिटच येत होते. ४८ बिट आले ते २००२ च्या सप्टेंबरमधल्या सर्व्हिस पॅक १ या सुधारणांच्या संचात. अण्णांचा संगणक इंटरनेटला कधी जोडलेलाच नसल्यामुळे त्याच्यावर एकही सर्व्हिस पॅक नव्हता. बायॉस ३२० जीबी दाखवत असूनही विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये एकूण क्षमता १२७.९९ जीबी आणि मोकळी जागा सुमारे ९० जीबी दिसत होती. साखळीतली एक कडी दुरुस्त झाली होती, दुसरी अजून तोकडी होती. अशा वेळी बायॉसच्या पडद्यावर विसंबून पुढे गेले तर वर सांगितलेला धोका अंगावर येतो.

इथे एक बारकावा आहे. एक्सपीचा सर्व्हिस पॅक ३ कोऱ्या एक्सपीवर थेट चढत नाही, त्याच्याआधी १ किंवा २ चढलेला असावा लागतो. म्हणून आधी २ आणि मग ३ असे दोन्ही बसवले. विंडोज २००० वापरणाऱ्यांनी सर्व्हिस पॅक ३ किंवा ४ बसवून थांबू नये. तिथे रजिस्ट्री या विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत अटापी या सेवेच्या पॅरामीटर्सखाली एनेबल बिग एलबीए नावाची नोंद स्वतः करून तिची किंमत १ ठेवावी लागते, अन्यथा सोय असूनही बंदच राहते. चिपसेट बनवणाऱ्याचा वेगळा डिस्क ड्रायव्हर आधीपासून बसवलेला असेल तर सर्व्हिस पॅक पुरेसा ठरत नाही, तो ड्रायव्हरही ४८ बिट जाणणारा हवा. विंडोज ९८ ला मायक्रोसॉफ्टने ही सोय कधीच दिली नाही, त्यामुळे तिथे १३७ जीबीच्या आतच राहावे असे माझे मत आहे. लिनक्सच्या बाबतीत २.४ मालिकेच्या उत्तरार्धापासून ही सोय आहे, म्हणजे आज हाती येणारे कोणतेही लिनक्स चालेल.

सर्व्हिस पॅक चढल्यावर डिस्क मॅनेजमेंटमध्ये २९८.०९ जीबी दिसले आणि मोकळी जागा सुमारे २६० जीबी झाली. आधीचे पार्टिशन ताणून मोठे करण्याऐवजी मोकळ्या जागेत वेगळे एनटीएफएस पार्टिशन केले. यामागे विचार असा की काही वर्षांनी कोणी तोकड्या ड्रायव्हरने ही डिस्क उघडलीच, तर निदान विंडोज आणि फॉन्ट असलेले पार्टिशन त्या रेषेच्या पूर्ण आत असावे.

पूर्ण क्षमता दिसणे आणि ती भरवशाची असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून नव्या पार्टिशनमध्ये कामाची एकही फाइल ठेवण्याआधी ते काठोकाठ भरून पाहिले. आधी पहिल्या पार्टिशनमधल्या सगळ्या जुळणीच्या फाइलींची चेकसम यादी (प्रत्येक फाइलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून पेनड्राइव्हवर ठेवली. मग नवे पार्टिशन चाचणीच्या मोठमोठ्या फाइलींनी पूर्ण भरले, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, आणि त्या फाइली जशाच्या तशा वाचल्या जातात का ते तपासले. शेवटी पहिल्या पार्टिशनची चेकसम यादी पुन्हा काढून आधीच्या यादीशी ताडून पाहिली. लिखाण उलटून डिस्कच्या सुरुवातीला पडत असते तर या दोन तपासण्यांपैकी एकीत ते उघडकीस आलेच असते. संगणक बंद करून सुरू करण्याची पायरी गाळू नये, कारण मेमरीत राहिलेली प्रत वाचली गेली तर तपासणी खोटा दिलासा देते. या सगळ्याला बराच वेळ लागतो, पण दुसरा कोणताही मार्ग इतकी खात्री देत नाही.

ज्यांच्या संगणकात साटा जोडणी आहे आणि ज्यांनी ३ किंवा ४ टीबीची डिस्क आणली आहे, त्यांना पुढची मर्यादा भेटते, ती २.२ टीबीची. तिचे कारण पार्टिशनच्या तक्त्यात आहे. एमबीआर या जुन्या तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात, आणि ५१२ बाइटांच्या सेक्टरांनी तो हिशेब २,१९,९०,२३,२५,५५,५५२ बाइटांवर संपतो. त्यावर जीपीटी हा नवा तक्ता हाच उपाय आहे. विंडोज व्हिस्टा आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत जीपीटीची डिस्क माहिती साठवायला जुन्या बायॉसवरही चालते. फक्त त्या डिस्कवरून विंडोज सुरू करायचे असेल तर यूईएफआय, म्हणजे बायॉसची जागा घेणारी नवी प्रणाली, लागते. लिनक्सला तेही बंधन नाही, ग्रब या लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी १ एमबीचे छोटे पार्टिशन राखले की जुन्या बायॉसवरही जीपीटीवरून काम सुरू होते. एक्सपीच्या नेहमीच्या ३२ बिट आवृत्तीला मात्र जीपीटी वाचता येत नाही.

३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दिसली तर तो पार्टिशनचा दोष नाही. ३ टीबीतून २.२ टीबी वजा केले की विंडोजच्या मोजणीत नेमके ७४६ जीबी उरतात, म्हणजे साटाचा जुना ड्रायव्हर ३२ बिटांवरचा भाग टाकून देतो आहे. ड्रायव्हर बदलला की डिस्क पूर्ण दिसते. तोपर्यंत तिच्यावर काहीही लिहू नये. यूएसबीच्या काही डब्यांबाबतही सावध राहावे. एक्सपीवर मोठी डिस्क चालावी म्हणून ते ५१२ ऐवजी ४०९६ बाइटांचे सेक्टर असल्याचे संगणकाला सांगतात. अशा डब्यात फॉरमॅट केलेली डिस्क बाहेर काढून थेट साटाला लावली की ती कोरी असल्यासारखी दिसते, आणि विंडोज ती फॉरमॅट करायला सांगते. मजकूर तसाच असतो. डिस्क पुन्हा त्याच डब्यात घातली की तो दिसतो.

अण्णांच्या संगणकाच्या कॅबिनेटच्या आतल्या बाजूला आता एक कागद चिकटवला आहे. त्यावर डिस्कची एलबीए संख्या, बायॉसची आवृत्ती आणि सर्व्हिस पॅक लिहिलेले आहेत, आणि खाली सूचना आहे की एक्सपीच्या मूळ सीडीवरून दुरुस्ती किंवा पुन्हा बसवणे करू नये, कारण त्या सीडीला ही डिस्क १३१०६९ एमबीचीच वाटेल आणि तिने केलेल्या दुरुस्तीत दुसरे पार्टिशन जाऊ शकेल. डॉसवर चालणाऱ्या जुन्या पार्टिशनच्या आणि नक्कल करण्याच्या फ्लॉपींनाही हीच सूचना लागू आहे. मूळ सीडीच्या फाइलींत सर्व्हिस पॅक ३ मिसळून तयार केलेली नवी सीडी त्याच कॅबिनेटमध्ये पाकिटात ठेवली आहे, आणि दर शनिवारी मुद्रणालय बंद करताना जुळणीच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढण्याचे काम अण्णांच्या मुलाने अंगावर घेतले आहे.